एकॉर्न स्क्वॉश भरून तिखटमिठाचं जेवण कसं करायचं?

रमा_एडिसन :
नमस्कार मंडळी, इथे न्यू जर्सीत सध्या प्रत्येक दुकानाबाहेर स्क्वॉशचे, म्हणजे इथल्या भोपळ्यांचे, ढीग लागलेत आणि मी तीन एकॉर्न स्क्वॉश उचलून आणलेत, ते गडद हिरवे, उभ्या धारांचे असतात ना ते. ऑफिसच्या पॉटलकला एकीने आणला होता तो बटर, ब्राऊन शुगर आणि दालचिनी घालून भाजलेला होता, चवीला छान पण ते गोडाचं झालं, त्यावर जेवण होत नाही. मला रात्रीचं पोटभरीचं जेवण करायचंय, म्हणजे प्रत्येकाच्या ताटात अर्धा स्क्वॉश, आत भरपूर सारण, बाजूला एखादी कोशिंबीर, बास. सासू-सासरे आलेत पुण्याहून आणि सासऱ्यांना भाजी गोड लागलेली अजिबात चालत नाही. कार्तिकी एकादशी होऊन गेली त्यामुळे कांदा-लसूण आता सगळ्यांना चालतो. सारण काय करू, स्क्वॉश आधी भाजायचा की कच्च्यातच भरायचा, आणि मुख्य म्हणजे कापायचा कसा, सुरी आतच जात नाहीये. साल खातात का? शाकाहारी हवंय, पण नवरा आणि मुलगा खिमा खातात त्यामुळे तसं काही असेल तर तेही सांगा. गुरुवारी करायचंय, ऑफिसचा दिवस आहे, तर आदल्या रात्री काय काय उरकता येईल तेही.

मीनल_मिनेसोटा :
रमा, आधी भाज, मग भर. कच्च्यात भरलंस तर स्क्वॉश शिजेपर्यंत तासाच्या वर जातो, तोवर वरचं सारण कोरडं ठक्क होतं आणि बुडाकडचा गर तरी दडदडीतच राहतो.

कापायचं असं. काट्याने चार-पाच ठिकाणी खोलवर टोच आणि अख्खाच मायक्रोवेव्हमध्ये तीन मिनिटं फिरव, साल जरा नरम पडते. टोचल्याशिवाय ठेवू नकोस, आत वाफ कोंडून फुटतो. मग ओट्यावर ओलं फडकं घालून त्यावर आडवा ठेव म्हणजे घसरत नाही. देठातून सुरी घालायला जाऊच नकोस, देठ फार टणक असतो. दोन धारांच्या मधे जी खाच असते ना तिथे सुरीचं टोक खुपस आणि देठाच्या अलीकडून बुडापर्यंत खाली आण, उलटव, दुसऱ्या बाजूने तसंच, मग दोन्ही हातांनी धरून ओढलंस की देठापाशी कटकन दोन भाग होतात. बिया आणि धागे चमच्याने खरवडून काढ, धागे राहिले तर खाताना दातात येतात. बिया टाकू नकोस, त्यांचं पुढे सांगते. पाठीवरची एखादी धार जराशी तासून सपाट कर, भोक न पाडता, म्हणजे वाटी ताटात डुलत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आतून तेल, मीठ, लाल तिखट चोळ, सढळ हाताने. सारण कितीही चमचमीत असलं तरी गराला मीठ नसेल तर घासात भोपळा वेगळा गोड लागतो आणि सारण वेगळं तिखट लागतं, मेळच बसत नाही, आणि तुझ्या सासऱ्यांना नेमकं तेच नको असणार. ट्रेवर पालथे घालून ४०० फॅरनहाइटला ३५ ते ४० मिनिटं. पालथे घातल्यामुळे आतल्या वाफेवर गर मऊ होतो आणि ट्रेला टेकलेली कड खरपूस होते. सुरीचं टोक गरात सहज गेलं पाहिजे पण साल खंबीर राहिली पाहिजे, फार पुढे गेलं की वाटी ताटातच बसते. बाहेर काढून उताणे कर, आत पाणी सुटलं असेल तर पेपर टॉवेलने टिपून घे.

सारण मी भरल्या वांग्याच्या मसाल्यावर नेते, पण गूळ अजिबात नाही आणि चिंच नेहमीपेक्षा जास्त. स्क्वॉश भाजल्यावर आणखी गोड होतो, म्हणून सारणाचं काम आंबट, तिखट आणि खमंग एवढंच. सहा अर्ध्यांना मोड आलेली मटकी दोन कप, शिजलेला वाइल्ड राइस दीड कप, दोन कांदे, सहा-सात लसूण पाकळ्या. तेलावर मोहरी, हिंग, हळद, भरपूर कढीपत्ता, कांदा चांगला लाल होऊ दे, मग लसूण, मटकी आणि अगदी थोडं पाणी, झाकण ठेवून मटकी बोटचेपी झाली की पुरे, गाळ करू नकोस. मग अर्धा कप दाण्याचं कूट, दोन मोठे चमचे भाजलेले तीळ, पाव कप भाजून चुरलेलं सुकं खोबरं, गोडा मसाला दोन चमचे, कांदा-लसूण मसाला तुमच्या झेपेल तेवढा, आणि चिंचेचा दाट कोळ तीन चमचे. शेवटी वाइल्ड राइस आणि कोथिंबीर. चव बघताना नुसतं सारण थोडं जास्तच आंबट-तिखट लागलं पाहिजे, म्हणजे गराबरोबर बरोबर येतं.

वाइल्ड राइस आमच्या इथला म्हणून मी घालते, तळ्यांमध्ये उगवतं हे गवत, ओजिब्वे हे इथले मूळनिवासी लोक होडीतून जाऊन काठ्यांनी झोडून दाणे होडीत पाडतात. दुकानात मिळतो तो काळा कुळकुळीत लागवडीचा असतो, त्याला शिजायला ४५ मिनिटं ते तास लागतो, तळ्यातला हाताने काढलेला त्याहून बराच लवकर होतो. भाताचा गिचका होतो तसा याचा होत नाही, दाणा चावायला राहतो, म्हणून सारणात फार शोभतो.

रंकाळा_ते_डॅलस :
खिम्याचं मी सांगतो. एकॉर्न नको, खिम्याला काबोचा घ्या, तो चपटा गोल, हिरवट राखाडी, जपानी किंवा कोरियन दुकानात हमखास असतो. त्याचा गर कोरडा, पिठूळ, त्यामुळे खिम्याचं तेल आणि मसाला आत ओढून घेतो, एकॉर्नमध्ये तेच तेल तळाला साचतं. अख्खा मायक्रोवेव्हला नरम करून वरचं झाकण गोल कापा, बिया काढा, आतून मीठ आणि कांदा-लसूण मसाला तेलात कालवून चोळा, झाकण बाजूलाच ठेवून ३७५ ला पाऊण तास, मोठा असेल तर तासभर.

खिमा मटणाचा, आमच्या इथे हलाल दुकानात बकऱ्याचा करून देतात. कांदा, आलं-लसूण, सुकं खोबरं आणि तीळ भाजून वाटलेलं वाटण, घरचा कांदा-लसूण मसाला, पाणी अगदी बेताचं, आणि तेल सुटेपर्यंत परता, पार सुक्का झाला पाहिजे. मूठभर हरभरा डाळ वेगळी अर्धवट शिजवून घाला, खिमा मोकळा राहतो. टोमॅटो घालू नका, पाणी सुटतं, आंबटपणा लिंबाने आणा तोही गॅस बंद केल्यावर. कच्चा खिमा भरून ओव्हनमध्ये शिजवायच्या भानगडीत पडू नका, आतपर्यंत शिजला की नाही कळत नाही, थर्मामीटर असेल तर मधोमध १६० फॅरनहाइट दाखवलंच पाहिजे. खिमा भरून झाकण लावा, आणखी वीस मिनिटं. टेबलावर अख्खा न्या आणि कलिंगडासारख्या फोडी पाडा, काबोचाची सालही खाता येते, नीट भाजला की मऊ होते.

चिऊताई :
आमच्याकडे मुलं वरून चीज असल्याशिवाय स्क्वॉशला हात लावत नाहीत. शेवटची पाच मिनिटं मोझरेला घालून ब्रॉइल करते, मस्त सोनेरी डाग पडतात. @मीनल_मिनेसोटा तुझ्या सारणावर चालेल का?

मीनल_मिनेसोटा :
@चिऊताई मुलांच्या अर्ध्यांवर घाल बिनधास्त. पण चिंच आणि गोड्या मसाल्यावर चीज मला नाही पटत, दोन्ही चवी एकमेकींना मारतात. वरून कुरकुरीत काही हवं असेल तर दाण्याचं भरड कूट, तीळ आणि थोडं तेल कालवून पसर आणि शेवटची दहा मिनिटं ठेव, ज्या खमंगपणासाठी चीज घालतो तो त्यातून येतो.

मंडईवाली :
आमच्या पुण्यात एकॉर्न बघायला मिळत नाही, पण बटरनट आता मोठ्या दुकानांत सहज असतो, आणि आपला लाल भोपळा काय वेगळा आहे, बटरनट आणि आपला नेहमीचा लाल भोपळा बहुतेक एकाच जातीचे, कुकुर्बिटा मोशाटा, आपला भोपळाही मुळात अमेरिकेतूनच आलेला. मंडईत एखादा लहान गोल भोपळा मिळाला की मी भरते, नाहीतर बटरनट उभा कापून.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांच्यासाठी सांगते. मोदकपात्रात उताणे ठेवून १५ ते २० मिनिटं वाफवायचे, आणि मग पंधरा मिनिटं तरी चाळणीवर पालथे घालायचे कारण वाफेने गर ओला होतो आणि ओल्या गरात सारण भरलं की सगळं पांचट. निथळल्यावर जाड बुडाच्या कढईत थोडं तेल आणि हिंग-मोहरीची फोडणी, त्यात आधी भोपळे पालथे ठेवून कापलेली बाजू खरपूस करून घ्यायची, मग सुलटे करून भरायचे, झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं. ओव्हनची चव नाही येत पण फोडणीची येते, आणि खरं सांगू मला तीच जास्त आवडते.

नवरात्रात उपासाला पण करते. आमच्याकडे लाल भोपळा आणि वरई दोन्ही उपासाला चालतं, तुमच्याकडची पद्धत बघा. वरई तुपावर जिरं-हिरवी मिरची घालून मोकळी शिजवायची, त्यात दाण्याचं कूट, ओलं खोबरं, लिंबू, आणि वाढताना वरून घट्ट दही. वरई थंड झाली की गच्च होते म्हणून गरम असतानाच भरा. सोबत दाण्याची आमटी, आणि मग बाकी काही लागत नाही.

परसबागवाला :
एक गोष्ट कोणी सांगितली नाही म्हणून लिहितो. स्क्वॉश कडू लागला तर तो टाकून द्यायचा, मसाल्याने झाकून खायचा नाही. कुकुर्बिटासिन नावाचं द्रव्य असतं, शिजवूनही जात नाही आणि उलट्या-जुलाब होतात. दुकानातल्या स्क्वॉशमध्ये हे क्वचित. पण घरी बी धरून लावणाऱ्यांनी लक्ष द्या. एकॉर्न, झुकिनी आणि फॉल डेकोरेशनचे ते छोटे रंगीबेरंगी गोर्ड एकाच जातीतले आहेत, शेजारी शेजारी असले की मधमाश्या परागकण इकडचे तिकडे करतात, त्या वर्षीचं फळ नेहमीसारखंच लागतं पण त्याचं बी पुढच्या वर्षी लावलं की कडू फळं निघू शकतात. मसाला भरायच्या आधी भाजलेल्या गराचा कण जिभेवर ठेवून बघायची सवय लावा, एक सेकंदाचं काम आहे.

आणि हे फ्रिजमध्ये ठेवू नका अख्खे असताना. ५० ते ५५ फॅरनहाइटची थंड कोरडी जागा, गराज किंवा बेसमेंट, तिथे बटरनट दोन-तीन महिने आरामात राहतो, एकॉर्न मात्र महिना दीड महिनाच, नंतर गर धागेदार होतो. दुकानात निवडताना देठ असलेला, हाताला जड, आणि साल निस्तेज असलेला घ्या, चकचकीत साल म्हणजे बहुतेक कोवळा तोडलाय. एकॉर्नवर जिथे तो जमिनीला टेकलेला असतो तिथे नारिंगी डाग हवा, तो असेल तर पिकलेला आहे समजा.

मीनलताईंच्या मटकीवरून सुचलं, माझ्याकडे बागेत मका, घेवडा आणि भोपळा एकाच वाफ्यात असतात, इथल्या हॉडेनोशोनी या मूळनिवासी लोकांची ही जुनी पद्धत, घेवडा मक्यावर चढतो आणि भोपळ्याची पानं जमीन झाकून ओल धरून ठेवतात. तिघं एकत्र वाढतात तर शिजवताना का नाही, म्हणून मी सारणात मक्याचे दाणे आणि उकडलेला काळा घेवडा घालतो, जिऱ्याची फोडणी, भरपूर हिरवी मिरची, लिंबू. अर्ध्या तासात होतं आणि लहान मुलंही खातात.

रमा_एडिसन :
बापरे केवढं सगळं, मनापासून आभार. मटकी भिजत घातली लगेच. वाइल्ड राइस घरात नाहीये, सासूबाई म्हणतायत लापशीचा दलिया घालू, चालेल ना? आणि एकॉर्नच्या सालीचं काय ते राहिलं.

मीनल_मिनेसोटा :
दलिया उत्तम, पण तेलावर तांबूस भाजून मग मोकळा शिजव, पाणी दुपटीपेक्षा कमीच. अख्खी ज्वारी मिळाली तर ती पण, रात्रभर भिजवून कुकरला पाच-सहा शिट्ट्या. एकॉर्नची साल जाड राहते, ती ताटात सोडायची, चमच्याने गर आणि सारण एकत्र उकरून खायचं. डेलिकाटा नावाचा लांबट, पिवळ्यावर हिरव्या रेघांचा मिळतो त्याची साल पातळ असते, तो सालीसकट खातात, पण त्यात सारण कमी मावतं.

आदल्या रात्री स्क्वॉश भाजून, गार करून, पालथेच डब्यात ठेव फ्रिजमध्ये. सारणही करून ठेव पण कोथिंबीर आणि दाण्याचं कूट दुसऱ्या दिवशी घाल, रात्रभरात कूट पाणी ओढून घेतं आणि सारण घट्ट बसतं. गुरुवारी घरी आलीस की भर, वर थोडं तेल सोड, फॉइल झाकून ३७५ ला २० मिनिटं, फॉइल काढून आणखी दहा. तेवढ्यात कोशिंबीर होते. धान्य आत आहेच त्यामुळे पोळ्या करायची गरज नाही, पण ताकाची कढी नक्की कर, आले घालून पातळ, या जेवणाला काहीतरी ओलं आंबट लागतंच.

वऱ्हाडी_आजी :
बियांचं सांगते म्हणालीस बाळा आणि राहूनच गेलं, मीच सांगते. बिया धुऊन धागे काढून फडक्यावर वाळव, ओल्या भाजल्या तर चिवट होतात. मग मंद आचेवर तव्यात नाहीतर तुमच्या त्या ओव्हनमध्ये ३०० वर पंधरा-वीस मिनिटं, फुटायला लागल्या की काढायच्या. मोठ्या असतील तर साल काढ, एकॉर्नच्या लहान असतात, सालीसकट चालतात. त्यात सुकं खोबरं, लसूण, लाल मिरची, जिरं, मीठ घालून खलबत्त्यात ओबडधोबड कुट, मिक्सरमध्ये एकदाच फिरव नाहीतर तेल सुटून गोळा होतो. ही चटणी भरलेल्या भोपळ्यावर वरून भुरभुरायची. आमच्या नागपूरकडे कोहळ्याच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीला मेथीदाण्याची फोडणी देतो, मेथी तेलात काळी होऊ द्यायची नाही, लाल झाली की पुरे, तिच्या कडसर चवीने गोडपणा उतरतो. तुझ्या सासऱ्यांसाठी सारणाच्या फोडणीत मोहरीबरोबर अर्धा चमचा मेथीदाणे घालून बघ. बटरनट सोललास तर सालीचीही चटणी होते, तीळ-खोबरं घालून, एकॉर्नच्या सालीची नाही होत, ती टणक.

रमा_एडिसन :
काल केलं! मटकी, दलिया, आजींची मेथीची फोडणी आणि वरून बियांची चटणी. आतून मीठ-तिखट चोळलं होतं त्यामुळे गर नुसताही चविष्ट लागत होता, आणि कडेला जिथे ट्रेला टेकला होता तिथली काळपट खरपूस कड मुलाने सगळ्यांच्या ताटातून मागून घेतली. सासऱ्यांनी आधी सारणच खाल्लं, मग गराबरोबर खाऊन बघितलं आणि उरलेला सहावा अर्धाही त्यांनीच संपवला. कढी हवीच होती, मीनल अगदी खरं. दलिया मात्र अजून थोडा मोकळा हवा होता, पुढच्या वेळी पाणी आणखी कमी घालीन. शनिवारी नवऱ्यासाठी काबोचाचा खिमा करतेय. सारण बरंच उरलंय, वाटीभर गर पण उरलाय सालीला चिकटलेला, त्याचं काय करू?

मीनल_मिनेसोटा :
गर आणि सारण दोन्ही थालीपिठात. भाजणी नसेल तर ज्वारीचं पीठ, बेसन आणि कणीक समप्रमाणात, ओवा, मीठ, पाणी वेगळं घालायची गरजच पडत नाही, गरानेच भिजतं. थापताना मधे भोक पाड आणि मंद आचेवर झाकून भाज, गरामुळे पटकन लागतं. शनिवारी सकाळी नाश्त्याला उरकून टाक, दुपारी ओव्हन खिम्याला मोकळा.